बोटाचा भार

सोमवार, ४ ऑगस्ट २००३, कोल्हापूर

जिन्यातला दिवा गेलेला असला की आपण कठड्यावर एक बोट टेकवून उतरतो. याला कठडा धरणे म्हणता येत नाही, कारण ते बोट इतके हलके टेकलेले असते की तोल खरोखर गेला तर त्याचा काडीचा उपयोग होणार नाही. तरीही ते उचलले की पाय पुढच्या पायरीला घाबरतो, आणि पुन्हा टेकवले की निर्धास्त होतो. जो आधार भार उचलतच नाही, तो आधार कसा?

आमच्या विभागीय क्रीडा प्रशिक्षण केंद्रात नव्या तुकडीपुढे आज हेच कोडे ठेवून व्याख्यान सुरू केले. कुस्तीच्या मुलींनी आधी एकमेकींकडे पाहिले, मग जिन्याकडे. मी सांगितले की शरीराचा तोल तिघे मिळून सांभाळतात. डोळे, कानाच्या आतले इंद्रिय आणि सांध्यांमधली जाणीव. यांपैकी एकाने दगा दिला की उरलेले दोघे गोंधळतात. अशा वेळी बोटाचे टोक भार उचलत नाही, बातमी देते. तू थोडी डावीकडे कललीस, आता सरळ आहेस, असे ते मेंदूला सांगत राहते. स्नायूंना बळ नको असते, बातमी हवी असते.

पुढे प्रात्यक्षिक. शिरोळ तालुक्यातली चन्नम्मा पंचावन्न किलो गटात खेळते आणि तिच्या उजव्या गुडघ्याच्या स्नायुबंधावर हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली आहे. ऑक्टोबरात पुण्याला राष्ट्रीय शिबिरासाठी निवड चाचणी आहे. गुडघा चाचणीस योग्य आहे की नाही, हा शेवटचा शब्द केंद्राचा क्रीडाविज्ञान अधिकारी म्हणून माझा. चन्नम्मा त्या पायावर डोळे मिटून उभी राहिली आणि तत्क्षणी उसासारखी डोलू लागली. मी तिच्या कोपराखाली तर्जनी टेकवली. डोलणे थांबले. मुली टाळ्या वाजवू लागल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या.

शेवटी नियम सांगितला. प्रयोगशाळेत आण्णा, आक्का, तात्या, मावशी चालणार नाही. इथे सर आणि मॅडम. तीन वर्षांपूर्वी मी औरंगाबादहून इथे आलो, तेव्हापासून पाहतो आहे, या गावात रिक्षावाल्याचाही पहिल्या वळणावर मामा होतो. जिव्हाळा चांगला, पण मोजमापात नाते शिरले की आकडे लाजतात. मुली एका सुरात म्हणाल्या, "व्हय सर."


मंगळवार, १२ ऑगस्ट

चन्नम्मा आज बोटाविना उभी राहिली. आधी जमिनीवर, मग डगमगणाऱ्या फळीवर. मी विचारले, "हे कसे साधले?" ती म्हणाली, "साधलं सर," आणि पायाकडे बघत राहिली.

आनंदात बाहेर पडलो, तेवढ्यात दाराआड ती वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या शिवांजलीला सांगताना ऐकू आली, "आण्णा हायत असं मनात धरलं की पाय हलत न्हाय बघ."

आण्णा?

आठ महिने त्या गुडघ्याशी मी बोलतो आहे. कुठल्या कोनात तो भितो, कुठल्या हवेत आखडतो, हे मला माझ्या स्वतःच्या गुडघ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि श्रेय कोणा आण्णाचे!

जे वाटले त्याला नाव दिलेच पाहिजे, कारण नाव न दिलेली गोष्ट तपासता येत नाही. मत्सर. छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे.


मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रकरण गंभीर आहे. आज पुन्हा ऐकले, नळापाशी. शिवांजलीच्या खांद्याला मार लागला आहे आणि चन्नम्मा तिला धीर देत होती. "आण्णा म्हणत्यात, सांधा बरा झाला तरी त्यो विसरतोय. त्येला रागवायचं न्हाय. वळख करून द्यायची, नव्या पावण्यासारखी."

नव्या पाहुण्यासारखी! हा दृष्टान्त माझा आहे. जून महिन्यात मी तो याच प्रयोगशाळेत, याच दोघींपुढे वापरला होता. म्हणजे हा गृहस्थ नुसता माझ्या खेळाडूवर हक्क सांगत नाही, तो माझी व्याख्याने उचलतो आणि आपल्या नावावर खपवतो.

घरी अवंतिकेला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुमचेच विचार, तुमचेच दृष्टान्त, आणि माणूस मात्र दुसरा?"

"त्यालाच वाङ्मयचौर्य म्हणतात," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि देठ खुडू लागली. पत्नीला शास्त्रीय क्षेत्रातल्या अन्यायाची तीव्रता जाणवत नाही, हे मी पूर्वीही पाहिले आहे.


गुरुवार, २८ ऑगस्ट

भोजनगृहात कुस्तीचे प्रशिक्षक जोतीराम शेजारी बसले होते. बायडाबाई वाढत होत्या. जोतीरामांच्या वाटीत रश्श्यावर लाल तर्रीचा थर, माझ्या वाटीत नेहमीप्रमाणे नुसता पिवळसर रस्सा. इथल्या तिखटाची एवढी ख्याती कशी झाली, कळत नाही. मला तर ते सोसते.

सहज विचारावे तसे विचारले, "जोतीराम, हे आण्णा कोण?"

घास त्यांच्या घशात अडकला. पाणी पिऊन, डोळे पुसून म्हणाले, "आण्णा? लई मोठा मानूस, सर. आमास्नी बी दम देतोय."

"राहतात कुठे?"

"हितंच की. सकाळी दाढी करताना भेटंल बघा तुमास्नी."

बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

या वाक्याचा अर्थ लावायला मला दुपार पुरली. मी दाढी करतो तेव्हा, म्हणजे सकाळी, मी घरी असतो. नेमक्या त्याच वेळी हा मनुष्य केंद्राच्या मैदानावर येतो! माझी अनुपस्थिती हीच त्याची वेळ. जोतीरामांना हे माहीत आहे आणि तरी ते हसतात.


शुक्रवार, २९ ऑगस्ट

दाढी न करताच उजाडता मैदानावर गेलो. जोतीराम मुलींकडून बैठका काढून घेत होते. बाकी कोणी नाही. मला पाहून जोतीरामांनी हनुवटीवर हात फिरवला आणि म्हणाले, "घावलं न्हाय व्हय सर?" मुली बैठका विसरून हसू लागल्या. चन्नम्मा तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मला बरे नाही.


बुधवार, ३ सप्टेंबर

पद्धतशीर विचार केला. आण्णा केंद्रात दिसत नाही, तेव्हा तो बाहेरचा. चन्नम्मा महिन्यातून एका रविवारी गावी जाते. लहानपणी ती तिथल्या तालमीत गुंडू नावाच्या वस्तादांकडे शिकली. वस्तादाला इकडे आदराने आण्णा म्हणतातच. सगळ्या कड्या जुळतात.

आणि यात निव्वळ मत्सर नाही. केंद्राची रीत अशी की मल्लाचा आहार, झोप, व्यायाम, औषध या सर्वांची सूत्रे एका जागी असावीत. दर सोमवारी आम्ही सगळे बैठकीला बसतो ते त्यासाठीच. आहारतज्ज्ञ ताकद वाढवायला सांगेल आणि प्रशिक्षक वजन उतरवायला, तर मधल्या मधे पोरीचे हाल होतात. नवा गुडघा घेऊन कोणी गावच्या हौद्यातल्या मातीत उतरत असेल, तर तो स्नायुबंध पुन्हा तुटू शकतो. ही चिंता खरी आहे.

मत्सरही खरा आहे. दोहोंपैकी कोण आधी आले, हे मात्र मला निश्चित सांगता येत नाही.


सोमवार, १५ सप्टेंबर

काल ती गावाहून परतली. आज सकाळी प्रयोगशाळेत बोलावून सरळच विचारले.

"चन्नम्मा, हे आण्णा प्रकरण मला कळले आहे."

तिचा चेहरा उतरला. "कुनी सांगितलं सर?"

"ते महत्त्वाचे नाही. नियम माहीत होता की नाही?"

"व्हता."

"मग?"

ओढणीचे टोक पिळत ती म्हणाली, "चुकलं सर. तोंडातनं जात हुतं. परत न्हाय म्हणणार."

परत नाही "जाणार" असे तिला म्हणायचे होते. सीमेकडच्या मुलींची मराठी अशी मधेच घसरते. घरी कानडी, शाळेत मराठी. गुन्हा कबूल झाला, हे पुरेसे.

बैठकीत संचालिका लीला मॅडमना मी सांगितले, बाहेरचे प्रशिक्षण थांबल्याची खात्री पटेपर्यंत तिचे नाव पुण्याला पाठवू नये. जोतीराम उसळले, "आवो, कुठलं बाहेरचं? पोरगी हितनं हलत न्हाय!" मी म्हणालो, तिने स्वतः कबूल केले आहे. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "सर, नावे पुढच्या मंगळवारी जातील. तोपर्यंत तुम्ही खात्री करून घ्या. तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पण ही चाचणी गेली तर त्या मुलीचे वर्ष जाईल, हे लक्षात ठेवा. वडील तिचं लग्न काढून बसलेत."

तिच्या वडिलांना, चनबसाप्पांना, मी ओळखतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. म्हणाले होते, "एवढी दिवाळी बगतो सर. मग पोरगी आमची."


गुरुवार, १८ सप्टेंबर

चन्नम्मा फळीवरून पडली. डोळे उघडे असताना. पुन्हा चढवले, पुन्हा पडली. मी कोपराखाली बोट टेकवले, तर कोपरच थरथरत होते. बोटाची बातमी तिच्यापर्यंत पोचतच नव्हती, जणू मधली तार कोणी कापली होती.

सांध्याला सूज नाही. वेदना नाही. ताकद पूर्वीइतकीच. शास्त्राच्या दृष्टीने ही मुलगी पडायला नको.

आण्णा बंद झाले म्हणून?

एक क्षण मला बरे वाटले. तो मनुष्य तिला उभे करत होता, आता करत नाही, आणि उभे करण्याचे काम पुन्हा माझ्याकडे आले. मग ती फळीच्या कडेला बसून घोट्यावरची धूळ झटकताना दिसली, आणि ते बरे वाटणे कुठे ठेवावे, कळेना.


रविवार, २१ सप्टेंबर

शिरोळला जाऊन आलो. एसटीतून उतरल्यावर उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने गावापर्यंत सोडले. तालीम नदीच्या बाजूला आहे. जुन्या पुराची रेघ तिच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर होती. दारात बाजेवर एक रुंद खांद्यांचे म्हातारे बसले होते. कान फुलकोबीसारखे.

"या पावणं. बसा. चा घ्या."

"गुंडू आण्णा आपणच ना?"

"गुंडू मीच. पर आण्णा न्हवं. समदं गाव तात्या म्हणतंय."

मी ओळख सांगितली. केंद्राचे नाव ऐकताच त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हंजे त्या आण्णाच्या तिथलं तुमी!"

"आण्णाच्या तिथले?"

"मग! पोरगी गावाकडं आली की दुसरा शबुद न्हाय. आण्णा असं म्हणत्यात, आण्णा तसं म्हणत्यात. म्या म्हटलं, ये जरा मातीत, चार डाव बगू. तर म्हणती, न्हाय तात्या, आण्णांनी मातीत उतराय नगं म्हणून सांगितलंय. आता मला सांगा, दहा वर्सं हिला डाव टाकाय म्या शिकवलं, आन आडवा कोण आला? आण्णा!" त्यांनी मांडी थोपटली. "एकदा गाठ घालून द्या माझी त्या गड्याशी. हातात हात घिऊन बगतो, कितपत पानी हाय."

म्हणजे ती मातीत उतरलीच नाही. माझी सूचना तिने अक्षरशः पाळली.

आम्ही दोघे बराच वेळ त्या अज्ञात इसमाबद्दल बोलत बसलो. सांगायला संकोच वाटतो, पण गेल्या महिन्यात इतके हलके मला कोणाशी बोलताना वाटले नव्हते. निघताना तात्या म्हणाले, "घावला की कळवा. दोघं मिळून बगू त्येच्याकडं."

परतीच्या प्रवासात एकच गोष्ट खटकत राहिली. मातीत उतरू नकोस, असे तिला मी सांगितले होते. आण्णांनीही तेच सांगितले? हा मनुष्य माझ्या इतक्या मागोमाग कसा चालतो?


सोमवार, २२ सप्टेंबर

सर्व क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

दुपारी भोजनगृहात बसलो होतो. बायडाबाई आत स्वयंपाकात होत्या, वाढायला नवी बाई होती. तिने सगळ्यांना वाढावी तशी तर्री मलाही वाढली. मी घास घेतला. कानातून वाफ निघते असे म्हणतात, ते अतिशयोक्त नाही. मी ठसकू लागलो. तोच आतून बायडाबाई ओरडत आल्या, "अगं, कुठं बगून वाढतीस? आण्णांचं ताट येगळं असतंय! तिखाट सोसत न्हाय त्यास्नी!"

आणि त्यांनी माझे ताट उचलले.

बायडाबाईंच्या हातात ताट होते आणि त्यांची जीभ दातांखाली. जोतीराम भिंतीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

"बायडाबाई," मी म्हणालो, "हे ताट कोणाचे?"

"तुमचं, सर."

"आत्ता काय म्हणालात?"

जोतीरामांनाच राहवेना. "आवो सर, अख्खं हॉस्टेल तीन वर्सं तुमास्नी आण्णा म्हणतंय. तोंडावर तुमीच बंदी घातलीसा की! म्हणून पाठीमागं चालू हाय."

पाण्याचा पेला मी दोनदा रिकामा केला. तिखटामुळे, असे कोणीही समजू शकले असते.

चन्नम्मा शेवटच्या बाकावर होती. मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"म्हणजे 'परत न्हाय म्हणणार' म्हणजे..."

"म्हणणार न्हाय म्हंजे म्हणणार न्हाय की, सर." तिने मान वर केली नाही. "मनात बी न्हाय म्हटलं त्या दिवसापासनं. 'सर' म्हटलं की परीक्षा आल्यागत वाटतंय, पाय थरथरतोय. माझा थोरला भाऊ लहानपणी गेला. त्येला आण्णा म्हणतो आमी. ऑपरेशन झाल्यावर तुमी कोपराला बोट लावून पयल्यांदा चालवलंसा, तवा तोंडात तेच आलं."

मी तिला प्रयोगशाळेत नेले, फळीवर उभे केले आणि म्हणालो, "डोळे मीट. मनात जे म्हणायचे ते म्हण."

तिने म्हटले असावे. मी बोट टेकवले नाही. ती देवळातल्या दीपमाळेसारखी उभी राहिली.

लीला मॅडमच्या खोलीत जाऊन सांगितले, बाहेरचा कोणी आण्णा नाही, ते मीच, नाव पाठवावे. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "खात्री झाली?" मी हो म्हणालो. "बरं झालं. मी ते सकाळीच पाठवलंय."

घरी अवंतिकेला सांगितले. ती म्हणाली, "मला भाजी निवडतानाच कळलं होतं." मग का सांगितले नाहीस? "तुम्ही इतके छान रागावला होता."


रविवार, १२ ऑक्टोबर, पुणे

चन्नम्माची शेवटची कुस्ती सोलापूरच्या मुलीशी. ती अंगाने उंच, हाताने चपळ. मॅटच्या कोपऱ्यातली खुर्ची प्रशिक्षकाची, म्हणून तिथे जोतीराम. मी कठड्यापलीकडे, प्रेक्षकांत. ती खुर्ची मला हवी होती, हेही नोंदवून ठेवतो.

गुण बरोबरीत असताना सोलापूरच्या मुलीने झेप घेऊन चन्नम्माचा डावा पाय पकडला आणि वर उचलला. म्हणजे उभे राहायला उरला उजवा. शिवलेला, विसरलेला, ओळख करून दिलेला. ती मुलगी तिला कडेकडे रेटू लागली. चन्नम्मा एका पायावर उड्या घेत मागे सरकत होती. "भाईर जाऊ नगंस! मान दाब तिची!" जोतीराम ओरडत होते. तिची पाठ माझ्याकडे होती, तेव्हा मी तिला दिसणे अशक्य होते. नंतर माझ्या लक्षात आले की माझा उजवा हात कठड्यावरून पुढे गेला आहे आणि तर्जनी हवेत, कोणाच्याही कोपराखाली नाही अशी, टेकवलेली आहे.

पाय हलला नाही. समोरच्या मुलीचा दम आधी संपला, पकड सैल झाली, आणि चन्नम्माने काखेतून हात घालून तिला फिरवून खाली घेतले.

यादी वाचली गेली. तिचे नाव होते. ती घामाने निथळत माझ्याकडे धावत आली. "बगितलंसा न्हवं, आण्णा?" मग सगळ्यांसमोर तोंडावर हात ठेवून, "सर."

"राहू दे," मी म्हणालो. "प्रयोगशाळेबाहेर चालेल." क्षणभराने म्हणालो, "आतही चालेल."

तिने विचारले, "एक फोन करायचाय. गुंडू तात्यास्नी. पयल्यांदा त्यास्नीच."

पहिला फोन तात्यांना. छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे. नोंद केली. तात्यांना कळवायचेही राहिले आहे की तो गडी घावला.

जिन्याचे कोडे मी ऑगस्टात अर्धेच सोडवले होते. उरलेले अर्धे कोणालाही घरी तपासता येईल. पादत्राणे काढून एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. थोड्याच वेळात डोलू लागाल. आता जवळच्या कोणाला बोट पुढे धरायला सांगा आणि त्यावर आपले बोट टेकवा, इतके हलके की त्याचे बोट दबू नये. डोलणे थांबेल. मग डोळे उघडून त्या माणसाला विचारा, तुम्ही मला धरले होते, हे तुम्हाला जाणवले का?

तो बहुधा नाही म्हणेल.